सिझरनंतरचा पहिला तास: बाळाची जागा आईच्या छातीवर

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि अशा दिवसांत जन्मलेले बाळ गारठू शकते, असे सांगितले तर घरातल्या जाणत्या बायकांनाही ते चटकन पटत नाही. पण सिझेरियन होते ते वातानुकूलित ऑपरेशन थिएटरमध्ये. प्रखर दिव्यांखाली गाऊन घालून उभ्या असलेल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना तिथला गारवा सुखाचा असतो, तर बाळ ३७ अंशांच्या उबेतून, ओलेचिंब, एकदम त्या गारव्यात येते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने बाळाच्या अंगावरचा ओलावा उडताना त्याची उष्णता घेऊन जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २३ अंश तापमानात उघड्या ठेवलेल्या नवजात बाळाची उष्णता जेवढी जाते, तेवढी उघड्या अंगाच्या प्रौढ माणसाची शून्य अंशात जाते. म्हणूनच जन्माच्या खोलीचे तापमान किमान २५ अंश ठेवावे, अशी तिची शिफारस आहे.

मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि त्यातून ऊब निर्माण होते. नवजात बाळाला हे जवळजवळ जमत नाही. मान, खांदे आणि मूत्रपिंडांभोवती साठलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवते आणि त्यासाठी त्याला प्राणवायू व साखर दोन्ही खर्चावे लागतात. त्यामुळे गारठलेल्या बाळाचा श्वास जलद होतो आणि रक्तातली साखर उतरू लागते. सिझरने जन्मलेल्या, विशेषतः कळा सुरू होण्याआधीच काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांतले पाणी शोषले जायला तसाही थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून त्याच्यावर हा बोजा पडू न देणे जास्त महत्त्वाचे ठरते.

यावर वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे यंत्र, हा उपाय आहे आणि तो थिएटरमध्ये हवाच. पण बाळ रडले, श्वास नीट घेऊ लागले, तर कोरडे करून, टोपी घालून, आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवून वरून दोघांवर कोरडे उबदार कापड टाकले, तरी तेच काम होते. हे १९७८ पासून माहीत आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी इनक्युबेटर अपुरे पडत असताना कमी वजनाची बाळे आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली आणि त्यातून ‘कांगारू मातृसेवा’ जगभर पोहोचली. जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ४६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्वचेला त्वचा लावून ठेवलेल्या बाळांच्या रक्तातली साखर सरासरी सुमारे १० मिलिग्रॅमने जास्त आढळली आणि एक ते चार महिन्यांनंतरही अंगावर पिणाऱ्या बाळांचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते.

असे असूनही सिझर झाले की बाळ वेगळे जाते. ते पुसून, दुपट्यात गुंडाळून, थिएटरच्या दारातून बाहेर नातेवाइकांच्या हाती दिले जाते, आणि आई आत टेबलावर असते. पोट उघडल्यापासून बाळ बाहेर यायला काही मिनिटेच लागतात. गर्भाशय आणि पोटाचे थर शिवायला मात्र अर्धा-पाऊण तास जातो. म्हणजे बाळ सर्वाधिक जागे असते, तोंडाने चाचपडत स्तन शोधते, तो पहिला तास जवळजवळ सगळा टाके घालण्यात आणि आईला वॉर्डात हलवण्यात संपतो, आणि दारापलीकडे तेवढ्यात कोणीतरी मध किंवा गुळाचे पाणी चाटवून मोकळे झालेले असते. मायेपोटी चाटवलेला तो मध बाळासाठी धोक्याचा असतो.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. देशाचा आकडा २१.५ टक्के होता. त्याच पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळे ४१.८ टक्केच होती. दवाखान्यापर्यंत आपण पोहोचलो आणि तिथे बाळाला आईपर्यंत पोहोचवायचे राहून गेले, असे मला हे आकडे पाहून वाटते.

बहुतेक सिझर कमरेत इंजेक्शन देऊन होतात. आई जागी असते, छातीला आणि हातांना संवेदना असते, आणि शस्त्रक्रियेचा निर्जंतुक भाग पडद्यापलीकडे असतो. लंडनमध्ये डॉ. निकोलस फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच वस्तुस्थितीचा उपयोग करून, थिएटरमध्येच बाळ आईच्या छातीवर देण्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. तिला महागडे यंत्र लागत नाही. ईसीजीच्या पट्ट्या खांद्यांकडे व पाठीकडे लावायच्या, सलाइनचा एक हात सोडून दुसरा मोकळा ठेवायचा, गाऊन पुढून उघडेल असा घालायचा आणि बाळाला आडवे धरायचे. लागते ते एक माणूस, ज्याचे लक्ष पूर्ण वेळ बाळावरच असेल. या अटीत तडजोड करू नये. आई औषधांनी थकलेली, गुंगीत किंवा थरथरत असते. बाळाचे नाक-तोंड झाकले गेले किंवा मान पुढे दुमडली, तर श्वास अडकू शकतो. चेहरा दिसता, मान सरळ, रंग गुलाबी, हे सतत पाहावे लागते. आईला फार रक्तस्राव होत असेल किंवा बाळाला श्वासासाठी मदत लागत असेल, तर आधी उपचार. पूर्ण भूल दिली असेल, तर आई शुद्धीवर येईपर्यंत बाळ वडिलांच्या उघड्या छातीवर ठेवता येते; आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे ही जागा अनेकदा आजीची असते.

‘सिझर झाले म्हणून दूध नाही’ हे वाक्य धुळे-नंदुरबारकडेही इतके रुजले आहे, की वरच्या दुधाचा डबा आधीच आणून ठेवला जातो. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातले संप्रेरक झपाट्याने उतरते आणि प्रोलॅक्टिन या दुधाच्या संप्रेरकाला दूध तयार करण्याची वाट मोकळी होते. वार कोणत्या मार्गाने आली, याने ही साखळी तुटत नाही. भरपूर दूध उतरायला सिझरनंतर काही वेळा थोडा उशीर होतो, पण चीक पहिल्या दिवसापासून असतो आणि त्या दिवशी बाळाला तेवढाच लागतो. उशीर वाढतो तो बाळ ओढायला जवळ नसल्यामुळे. टाक्यांवर भार न येता कुशीवर झोपून किंवा बाळ काखेखाली धरून पाजता येते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके पाजणाऱ्या आईला सहसा चालतात, त्यामुळे दुखणे सोसत राहण्याची गरज नसते. रात्री बाळ उचलून द्यायला मात्र कोणीतरी जागे हवे, कारण पहिल्या दिवशी तिला कूसही एकटीने बदलता येत नाही.

सर्वांत कठीण असते ते कमी वजनाच्या बाळाचे. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून रुग्णवाहिकेने आणलेल्या बाईचे सिझर होते, बाळ विशेष नवजात कक्षात आणि ती प्रसूतिपश्चात वॉर्डात, आणि सोबतचे एकच माणूस दोन्हीकडे धावत राहते. १ ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांवर भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि तांझानिया येथे झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच व्यवस्थेला प्रश्न विचारतो. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर दिल्यावर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवण्यात आला. त्यासाठी आईची खाट नवजात कक्षातच मांडावी लागली आणि टाक्यांची देखभाल, तपासणी, औषधे तिला तिथेच द्यावी लागली. दिल्लीतले सफदरजंग रुग्णालय त्या अभ्यासात होते. अशा ‘माता-नवजात कक्षां’ची कल्पना शासनाने स्वीकारली आहे, नंदुरबारच्या डोंगराळ तालुक्यांतून येणाऱ्या आयांना तिची गरज सर्वांत आधी आहे.