प्लिमथची मेजवानी वेगळी, थँक्सगिव्हिंगचा सण वेगळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत थँक्सगिव्हिंगची गोष्ट बहुधा मुलांच्या शाळेतून येते. मेफ्लॉवर जहाजातून पिल्ग्रिम, म्हणजे वेगळ्या धर्मपंथाचे इंग्रज वसाहतवाले, आले, उपासमार झाली, तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना मका पेरायला शिकवला, पीक आलं, सगळे मिळून जेवले आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरात हा सण होतो. यातलं ‘तेव्हापासून’ खरं नाही. १६२१ ची मेजवानी आणि आजचा सण यांची मुळं निराळी आहेत. त्यांची सांगड फार उशिरा घातली गेली.

आधी मेजवानी. १६२० च्या अखेरीस १०२ प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर पोचले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे दगावले. उरलेल्यांना वाचवणारा टिस्क्वांटम हा तिथलाच मूळ रहिवासी या गोष्टीत ‘मदतनीस’ म्हणून दोन ओळींत उरकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पळवलं आणि गुलाम म्हणून विकायला स्पेनला नेलं. तिथून तो इंग्लंडला पोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये परतला, तेव्हा त्याचं पटुक्सेट हे गाव साथीच्या रोगाने पुरतं ओस पडलं होतं. पिल्ग्रिमांनी प्लिमथ वसवलं ते याच जागेवर. आपल्याच माणसांच्या मोकळ्या शेतांत मक्याला मासळीचं खत कसं घालायचं, हे त्याने परक्यांना शिकवलं.

त्या वर्षी पीक हाती आल्यावर तीन दिवस खाणंपिणं झालं. याची माहिती मुख्यतः पिल्ग्रिमांपैकी एडवर्ड विन्स्लो याच्या डिसेंबर १६२१ मधल्या पत्रातून मिळते, आणि तीही मोजक्या ओळींत. चार माणसांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील इतके पक्षी मारून आणले. तिथल्या वाम्पानोआग या मूळ जमातीचा प्रमुख मॅसॅसॉइट सुमारे ९० माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं आणली. बंदुकांचे नेमही धरले गेले. प्रार्थनासभेचा मात्र त्या वर्णनात उल्लेख नाही. आपल्याकडे नवं धान्य घरात आल्यावर नव्याचं जेवण होतं, त्याच जातीचा हा सुगीचा आनंद होता. पाहुणे निव्वळ स्नेहापोटी आले, असंही समजू नये. साथीने वाम्पानोआगांची माणसं कमी झाली होती, पश्चिमेला नरागान्सेट ही दुसरी जमात बलवान होती, म्हणून मॅसॅसॉइटने त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रजांशी एकमेकांच्या संरक्षणाचा करार केला होता.

आता सण. पिल्ग्रिमांच्या पंथात आभाराचा दिवस म्हणजे चर्चमध्ये बसून उपासना करण्याचा दिवस, तोही एखादी विशेष कृपा झाली तर जाहीर व्हायचा. १६२३ मध्ये दुष्काळानंतर पाऊस पडला तेव्हा त्यांनी असा दिवस पाळला. पुढे न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, तो दर शरद ऋतूत पाळायची चाल पडली आणि उपासनेनंतरचं घरचं जेवण मोठं होत गेलं. म्हणजे सणाचं मूळ या चालीत आहे, १६२१ च्या मेजवानीत नाही.

त्याला देशाचा सण बनवलं सारा जोसेफा हेल या संपादिकेने. आपल्या मासिकातून आणि गव्हर्नरांना पत्रं लिहून ती वर्षानुवर्षं हे मागत राहिली. २८ सप्टेंबर १८६३ ला तिने लिंकनला लिहिलं आणि ३ ऑक्टोबरला त्याची घोषणा निघाली: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. यादवी युद्ध पेटलेलं होतं. घोषणेत चांगल्या पिकांबद्दल ईश्वराचे आभार आहेत, युद्धातल्या विधवा आणि अनाथांसाठी प्रार्थना आहे. पिल्ग्रिमांचं नावही नाही. ताटही बरंचसं हेलच्याच काळातलं. टर्की आणि भोपळ्याचा ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) तिच्या १८२७ च्या कादंबरीतल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात आहेत. १६२१ मध्ये हरणाचं मांस नक्की होतं आणि टर्की असू शकेल, पण कुस्करलेला बटाटा आणि ‘पाय’ नव्हते.

मग या दोन गोष्टी जोडल्या कोणी? १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग याने विन्स्लोचं पत्र छापलं आणि तळटीपेत त्या मेजवानीला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हटलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशोदेशींचे लोक अमेरिकेत येत होते आणि त्यांच्या मुलांना सांगायला शाळांना देशाच्या आरंभाची एक गोड गोष्ट हवी होती, ती या मेजवानीत मिळाली. तारखेचा घोळ मात्र निव्वळ बाजाराचा. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे आणला, काही राज्यांनी ऐकलं नाही, आणि शेवटी १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला.

सण जरूर साजरा करावा, असंच माझं मत आहे. घरच्यांनी एकत्र जेवणं आणि कृतज्ञ असणं याला प्लिमथच्या दाखल्याची गरजच नाही. पण मुलांना पिसांची टोपी घालून १६२१ चं नाटक करायला लावताना पुढचंही सांगायला हवं. मॅसॅसॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७५ मध्ये याच वसाहतींविरुद्ध उठला, पुढच्या वर्षी मारला गेला आणि त्याचं शिर प्लिमथमध्ये वर्षानुवर्षं भाल्यावर टांगलेलं राहिलं. १९७० मध्ये पिल्ग्रिमांच्या आगमनाला ३५० वर्षं झाली, तेव्हा वाम्पानोआग असलेल्या फ्रँक जेम्स यांना भाषणाचं आमंत्रण होतं. आयोजकांनी मसुदा वाचून ते भाषण करू दिलं नाही. मग त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसॅसॉइटच्या पुतळ्याजवळ पहिला राष्ट्रीय शोकदिन झाला. आजही त्या गुरुवारी दुपारी मूळ रहिवासी आणि त्यांचे साथी तिथे जमतात.