‘हिला नेम नाही ओ’ : स्वस्तातल्या छर्ऱ्याच्या रायफलची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणी छर्ऱ्याची बंदूक गोणपाटात गुंडाळून लेथवाल्याकडं आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, "हिला नेम नाही ओ, बघा की जरा." सगळा घोळ या एका शब्दात आहे, म्हणून इतिहास थोडा थांबू दे, आधी हे निस्तरूया.

नेम म्हणजे आपल्याकडं तीन वेगवेगळ्या गोष्टी. एक मारणाऱ्याचा, म्हणजे हात, डोळा, श्वास. दुसरा पुढच्या टोकाचा आणि मागच्या खाचेचा, म्हणजे बघतोय तिथंच छर्रा लागतोय का. तिसरा खुद्द नळीचा, म्हणजे बंदूक घट्ट टेकवून एकाच ठिकाणी पाच छर्रे मारले तर पाचही जवळजवळ पडतात का. समजा पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसले, पण ठिपक्यापासून चार बोटं डावीकडं. लोक म्हणणार नेम गेला, आणि खरं तर ती बंदूक एक नंबर आहे, मागच्या खाचेचा स्क्रू फिरवला की काम झालं. उलट पाचही छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरले तर जन्मभर स्क्रू फिरवत बसा, काही होत नाही. कन्नडवाल्यांचंही तेच, ‘गुरी सरी इल्ल’ म्हटलं की यातलं नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही. मराठीत तिसऱ्यासाठी वेगळा शब्दच नाही, पोरं ‘ग्रुपिंग’ म्हणतात, तोच वापरूया.

जत्रेतल्या फुग्याच्या बंदुकीवरनं हे पटकन कळतंय. चिंचलीच्या मायाक्काची जत्रा असो नाहीतर वडगावची मंगाई, फुगेवाला मुद्दाम नळी वाकवून ठेवतो अशी सगळ्यांची खात्री. मला ते अर्धंच पटतंय. नळी नुसती वाकडी असती तर चार छर्ऱ्यांत हुशार पोरगं अंदाज घेऊन फुगा फोडायला लागलं असतं. त्या बंदुका हजारो वेळा मोडून-भरून (म्हणजे नळी सांध्यात खाली वाकवून छर्रा घालून) त्या सांध्यात ढिल्या झालेल्या असतात, प्रत्येक वेळी नळी जरा वेगळ्या जागी बसते, म्हणून छर्रा कधी इकडं कधी तिकडं. म्हणजे गेलेला असतो तो तिसरा नेम, आणि आपण शिव्या देतो दुसऱ्यावरनं.

आता मागचं थोडक्यात. हवेवर चालणारी रायफल ही काय पोरांच्या खेळण्यातून आलेली नाही, ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १७८० च्या सुमारास हवा भरून ठेवायची रायफल वापरलेली आहे. स्प्रिंगवाली, म्हणजे स्प्रिंगनं पिस्टन ढकलून हवा दाबणारी, चांगली रायफल इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९०४-०५ च्या आसपास तयार झाली, तिची नळी मोडायची नव्हती, स्प्रिंग ताणायला खाली दांडा होता, आणि कमरेत बारीक असलेला छर्राही त्याच काळातला. त्या छर्ऱ्याचा मागचा घेर हवेच्या दाबानं फुगून नळीच्या आतल्या पिळदार आट्यांत घट्ट बसतो, म्हणून तो गोल गोळीपेक्षा सरळ जातो. इंग्रजांच्या दुकानात ०.१७७ इंच छिद्राची नळी (साडेचार मिलिमीटर) म्हणजे ‘नंबर वन बोअर’ आणि ०.२२ इंचाची म्हणजे ‘नंबर टू’, जुनी माणसं अजून तसंच म्हणतात. आपल्याकडं मात्र पसरली ती मोडून भरायची, कारण करायला स्वस्त. मुंबईच्या एका पाइपवाल्या कंपनीनंही एकेकाळी या रायफली काढल्या, आमच्या मामाकडं त्यातलीच एक होती.

खरी फाटाफूट झाली १९६२ ला. १९५९ चा शस्त्र कायदा आला, त्याच्या पाठोपाठ नियम आणि सूट आली, आणि ०.१७७ पर्यंतच्या एअर रायफलीला लायसन नको असं ठरलं, अट एवढीच की ठरलेल्या जाडीच्या मऊ लाकडाच्या फळीतून जवळून मारलेला छर्रा आरपार जाता कामा नये. (आम्ही बेळगाववाले १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, पण हा कायदा केंद्राचा, त्यामुळं महाराष्ट्रातल्या कागलात जो नियम तोच कर्नाटकातल्या निपाणीत, सीमाभागात असं फार कमी बाबतीत म्हणता येतंय.) आता या निर्णयावर दोन बाजू आहेत. एक बाजू म्हणते की बरं झालं, त्यामुळं शेतकऱ्याच्या, शाळकरी पोराच्या हातात नेमबाजी आली. दुसरी म्हणते की ‘नंबर वन’ काय नि ‘नंबर टू’ काय, धोका छिद्राच्या मापावरनं ठरत नाही. मला दुसरी बाजू तांत्रिकदृष्ट्या बरोबर वाटते, पण माझी तक्रार तिसरीच आहे. फळीची परीक्षा ही जोराची परीक्षा होती. सरकारनं बंदूक फळीवर मोजली, मग गिऱ्हाइकानंही फळीवरच मोजायला सुरुवात केली. दुकानात बंदूक दाखवताना फळी, डबा, नाहीतर फोनची जाडजूड डिरेक्टरी पुढं धरायची आणि किती पानं फाटली ते मोजायचं, कागदावर पाच छर्रे मारून ग्रुपिंग दाखवणारा दुकानदार मी लहानपणी एकही बघितला नाही. जोर आणि नेम हे एकच, असं दोन पिढ्यांच्या डोक्यात बसलं ते इथनं.

नव्वदच्या दशकात याचं टोक झालं. बंदूक मऊ पडली की लोक लेथवाल्याकडनं कडक स्प्रिंग करून आणायचे. पिस्टनचा वॉशर चामड्याचा, तो अथणीकडच्या चप्पल शिवणाऱ्याकडनं जाड चामड्यात कापून घ्यायचा, तेलात भिजवायचा, आणि तेल जरा जास्त झालं की हवेच्या दाबानं आत पेट घेऊन ‘ठाप्प’ आवाज यायचा, त्यावर आम्ही खूश. त्या ठापेला छर्रा प्रत्येक वेळी वेगळ्या वेगानं जातो हे कुणी सांगितलं नव्हतं. कडक स्प्रिंगचं तर अजून वाईट. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढं झेपावला की बंदूक मागं येते, पिस्टन हवेच्या गादीवर आपटला की ती पुढं हिसका खाते, आणि हे सगळं छर्रा नळीबाहेर पडायच्या सुमारास, डोळ्याची पापणी लवायच्या आत. स्प्रिंग जितकी कडक तितके हे हिसके मोठे. बंदूक घट्ट आवळून धरली तर दरवेळी आवळणं कमी-जास्त होतं आणि छर्रे पसरतात, म्हणून ती हातावर नुसती टेकवून, स्वतःच्या चालीनं हलू द्यायची असते. आमच्याकडं शिकवायचे बरोबर उलटं, "घट्ट धर की रे, बायकांसारखं काय धरलंस."

दुर्बीण लावायची हौस आली तेव्हाही असंच. साध्या दुर्बिणी मागच्या धक्क्याला टिकतात, पुढच्या हिसक्याला नाही, महिन्याभरात आतली निशाणाची तार फिरते आणि माणूस म्हणतो बंदुकीला नेम नाही. शिवाय मोठ्या रायफलीची दुर्बीण शंभर यार्डावर बसवलेली, दहा मीटरवर डोळा जरा हलला की ठिपकाच हलतो.

बदल आला तो खेळाकडनं. १० मीटर एअर रायफल १९८४ ला ऑलिंपिकमध्ये आली, तिच्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. २००८ ला बीजिंगला त्याच प्रकारात भारताला सोनं मिळालं आणि आमच्याकडं लोकांनी काय विचारलं, तर ही बंदूक फळी किती फोडते. हिशोब सोपा आहे, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर, म्हणजे साडेसात ज्यूलच्या आसपास (ज्यूल हे जोराचं माप). जत्रेतली बंदूक नवी असताना एवढा जोर मारत असेल, म्हणजे सोनं आलं ते जोरानं नाही, ग्रुपिंगनं. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरानं २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ आणलं ते ५० मीटरच्या पॉइंट टूटू रायफलीत (ती हवेची नव्हे, काडतुसाची), पण त्यामुळं आमच्या गावात एअर रायफलची चौकशी वाढली हे खरं.

२०१६ च्या नव्या नियमांत फळी गेली आणि आकडा आला, २० ज्यूलच्या वर किंवा साडेचार मिलिमीटरच्या वर गेलं की लायसन. माझ्या मते हे १९६२ पेक्षा शंभरपट बरं, पण दुकानदारांनी याही आकड्याला टार्गेट करून टाकलं, खोक्यावर ‘सेकंदाला हजार फूट’ छापायचं आणि तो वेग हलक्यात हलक्या छर्ऱ्यानं काढायचा. आवाजाच्या वेगाजवळ गेलेला छर्रा डगमगतो, ते खोक्यावर छापत नाहीत. कवडे-होले मारायला म्हणून ही बंदूक घेणाऱ्यांनी १९७२ चा वन्यजीव कायदा वाचलेला नसतो, तो वेगळाच विषय.

गेल्या दहा-बारा वर्षांत खोल भोकं पाडायची मशीन करणारी महाराष्ट्रातली एक कंपनी रायफलीत उतरली, नळ्या सुधारल्या, चामडं जाऊन सिंथेटिक सील आलं. हवा भरून ठेवायची बिनधक्क्याची रायफलही आली, लोकांना ती नवी वाटते, पण कल्पना तीच १७८० ची. पण तिचा पंप-सिलिंडर धरून खर्च बघता ती स्वस्तात मोडत नाही. स्वस्तवालीचं काम अजून तेच : दस्त्याचे स्क्रू आवळणं, नळीच्या तोंडाची बारीक खरड काढणं (कापूस फिरवला की तंतू अडकतो तिथं खरड), सांध्याचा खुळखुळ काढणं, आणि ४.५०, ४.५१, ४.५२ मिलिमीटर असे वेगवेगळ्या डोक्याचे छर्रे आणून कुठला बसतो ते कागदावर बघणं. पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त फरक छर्ऱ्याच्या डब्यानं पडतो, आणि नेमकं तिथंच लोक पन्नास रुपये वाचवतात.

मागच्या दिवाळीत त्याच लेथवाल्याकडं बसलो होतो. खानापूरकडचा एक पोरगा आला, बंदूक गोणपाटातच. म्हणाला, "काका, स्प्रिंगचे दोन वेढे कमी करून द्या." लेथवाल्यानं त्याला दोनदा विचारलं, कमी म्हणतोस की जास्त?