एमटीबीचे (माउंटन बाइकचे) पार्ट बदलताना: आधी काय, नंतर काय

सायकल घेऊन वर्ष झालं की तिच्यात काहीतरी बदलावंसं वाटू लागतं आणि दुकानात आल्यावर बहुतेकांची पहिली फर्माईश गिअरची असते. आमचा क्रम वेगळा आहे. सायकल जमिनीला जिथे टेकते आणि ज्यामुळे थांबते, तिथे पहिले पैसे घाला. म्हणजे टायर आणि ब्रेक. मग तुमचं अंग जिथे टेकतं ते: सीट, हँडल, पेडल. गिअर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा भाग) त्यानंतर. पुण्याच्या टेकड्या, मावळातले कच्चे रस्ते आणि घाटाचे उतार डोळ्यांसमोर ठेवून हे पत्रक लिहिलं आहे. नुसत्या डांबरी रस्त्यावर चालवत असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही.

टायर

दुकानात येणाऱ्या बऱ्याच सायकलींत गरजेपेक्षा जास्त हवा भरलेली असते. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही. ७० किलोच्या माणसाला २.२५ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआयपासून सुरुवात करता येते. ट्यूब असेल तर ३० च्या आसपास ठेवावी लागते, कारण हवा कमी असताना दगडावर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटली जाऊन तिला दोन भोकं पडतात. कडक टायर खडीवर उड्या मारतो. थोडा नरम टायर खडीवर बसतो आणि धरतो. तेव्हा नवीन टायर घ्यायच्या आधी आकडा अचूक दाखवणारं साधं गेज घ्या.

मुरमाड उताराला मधल्या गोट्या (टायरवरचे रबरी उंचवटे) बुटक्या आणि दाट, पण कडेच्या गोट्या दणकट असलेला टायर लागतो. काळ्या मातीच्या चिखलाची तऱ्हा वेगळी. तिथे गोट्या उंच आणि विरळ हव्यात, म्हणजे चाक फिरताना चिखल झडतो. शिवाय टायर आणि फ्रेम यांच्यात जागा हवी. २.१ इंची टायरवर आलेल्या सायकलला २.४ इंची टायर बसतो खरा, पण पहिल्या पावसात मागचं चाक फ्रेममध्ये अडकून बसतं. दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर फट राहत नसेल तर आम्ही तो टायर बसवून देत नाही. एकच चांगला टायर परवडत असेल तर तो पुढे लावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस पडतो.

आपल्याकडे ट्यूबलेसचा खरा फायदा बाभळीच्या काट्यासाठी आहे. काटा घुसला की आतलं सीलंट भोकात येऊन घट्ट होतं आणि तुम्ही पुढे जाता. मात्र रिम ट्यूबलेससाठी बनवलेली असली पाहिजे. साध्या रिमवर टेप लावून केलेला जुगाड वळणावर टायर सोडू शकतो. ते काम आम्ही करत नाही. २९ इंची टायरला साधारण १०० मिलिलिटर सीलंट लागतं आणि आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाशी धरून हलवा. आत काही हिंदकळल्याचा आवाज आला नाही तर भरायची वेळ झाली. ट्यूबच वापरत असाल तर पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. काट्याचं मोडलेलं टोक रबरात राहतं आणि नवी ट्यूब तासाभरात पुन्हा पंक्चर करतं. चिमट्याने ते ओढून काढल्याशिवाय चाक बंद करू नका.

ब्रेक

वायरवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकवरून ऑइलच्या ब्रेकवर येणं हा आमच्या मते सगळ्यात पैसे वसूल करणारा बदल आहे. सिंहगडाच्या रस्त्याने खाली येताना एका बोटाने ब्रेक लागतो आणि बाकीची बोटं हँडलवर राहतात. पुढे १८० मिलिमीटरचा रोटर (ब्रेकची चकती) बसवण्याआधी फोर्कला तो चालतो का, ते बघावं लागतं.

इथे दोन गोष्टींत तडजोड नको. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, इतर काही ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. दुसरं, स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं. त्यावर मेटल पॅड लावले तर रोटर झिजून जातो. पावसाळ्यात चिखलातून चालवणाऱ्यांना मात्र मेटल पॅड हवेत. रेझिनचे पॅड चिखलात बघता बघता संपतात, म्हणून अशा ग्राहकांना आम्ही पॅड आणि रोटर बरोबरच बदलायला सांगतो. नवे पॅड लावल्यावर सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न करता, वीसेक वेळा ब्रेक दाबा. त्याआधी घाटात उतरू नका.

गिअर

गिअर नीट पडत नाहीत म्हणून नवा सेट मागायला आलेल्या बऱ्याच ग्राहकांना नुसती नवी वायर, नवं आवरण आणि सरळ केलेला हँगर (मागचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) देऊन आम्ही परत पाठवतो. पावसाळ्यानंतर तर हे हमखास. आधी एवढं करून बघा.

मग चेन मोजा. यासाठी फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. इंचाचा सोळावा भाग वाढला असेल तर चेन बदला. आठवा भाग वाढला असेल तर तोवर कॅसेटही (मागच्या दातेरी चक्रांची गड्डी) गेलेली असते, आणि तिच्यावर नवी चेन टाकली तर घसरत राहते.

खरोखरच गिअर बदलायचे असतील तर मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सगळं अवलंबून आहे. बऱ्याच सात गिअरच्या सायकलींत आटे फिरवून बसणारं फ्रीव्हील असतं. अशा हबवर आधुनिक कॅसेट बसत नाही, त्यासाठी नवं चाक लागतं. तो खर्च सायकलच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर ती विकून वरची सायकल घ्या, असंच आम्ही सांगू. आठ किंवा नऊ गिअरवाल्यांचा मार्ग सोपा असतो. त्यांच्या सायकलला सहसा शिमानोचा जुना एचजी फ्रीहब (हबचा कॅसेट बसणारा भाग) असतो. शिमानोच्याच देवरे मालिकेची २०२० मध्ये आलेली बारा गिअरची १०-५१ दातांची कॅसेट त्यावर चढत नाही, तिला मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. पण त्याच देवरेची अकरा गिअरची ११-५१ कॅसेट एचजीवर बसते.

त्यातून काय मिळतं याचा हिशेब करून बघा. पुढे ४२-३२-२२ दातांच्या तीन चेनरिंग (पेडलजवळची चक्रं) आणि मागे ११-३२ असेल तर सगळ्यात हलका गिअर २२ भागिले ३२, म्हणजे ०.६९. पुढे एकच ३२ दातांची चेनरिंग आणि मागे ११-५१ केलं तर तो ०.६३ होतो. चढ आणखी सोपा झाला, पुढचा डिरेलर आणि डावा शिफ्टर गेला, चेन पडणं कमी झालं. गमावलं ते वरच्या टोकाला. मिनिटाला ८० पेडल या लयीत २९ इंची सायकल सगळ्यात जड गिअरवर आधी ताशी ४२ किलोमीटरच्या आसपास जायची, आता ३२ ला थांबेल. ट्रेलवर हे खुपत नाही. रोज ऑफिसला हायवेने जाणाऱ्याला मात्र खुपेल, त्याने तीन चेनरिंगच ठेवाव्यात.

फोर्क

स्प्रिंगच्या स्वस्त फोर्कवरून हवेच्या फोर्कवर येण्यात वजन कमी होतं आणि मुख्य म्हणजे तो तुमच्या वजनाला जुळवता येतो. सायकलवर बसल्यावर फोर्क एकूण चालीच्या (तो जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्याच्या) १५ ते २० टक्के दबला पाहिजे. घेण्याआधी हेडट्यूब (फ्रेमची फोर्क बसणारी पुढची नळी) सरळ आहे की खाली रुंद होत जाणारी, पुढच्या हबचा अ‍ॅक्सल ९ मिलिमीटरचा आहे की १५ चा, हे तपासू. १०० मिलिमीटर चालीच्या फ्रेमवर १४० चा फोर्क मागू नका. २० मिलिमीटर वाढवले की पुढचा कोन साधारण एक अंशाने बदलतो. त्याहून जास्त वाढवलं तर सायकल चढावर भरकटते आणि फ्रेमच्या गळ्यावर ताण येतो. शिवाय हवेच्या फोर्कला देखभाल लागते. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी दर ५० तासांनी फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस सांगते. ती करायची तयारी नसेल तर पैसे टायरमध्ये घाला.

शर्यतीसाठी

क्रॉस-कंट्रीची शर्यत म्हणजे चार ते सहा किलोमीटरच्या फेऱ्या, लहान तीव्र चढ आणि पुन्हा पुन्हा वेग घेणं. २०२३ ची आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली, तेव्हापासून आमच्याकडे याची चौकशी वाढली आहे. अशा शर्यतीत चाकं आणि टायर यांचं वजन कमी करण्यात अर्थ आहे. लांब पल्ल्याच्या मॅरेथॉनसाठी मात्र हलका टायर घेऊ नका, जाड कडेचा घ्या. शंभर ग्रॅम वाचवून टायर फाटला तर शर्यत तिथेच संपते. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात कोणताही नवा पार्ट बसवू नका, विशेषतः सीट आणि पेडल. खिशात जादा हँगर, चेनची जोडकडी आणि ट्यूबलेसची प्लग-सुई ठेवा. क्रॉस-कंट्रीत मदत फक्त ठरलेल्या जागीच घेता येते, बाकी दुरुस्ती तुमची तुम्हालाच करायची असते.

दुकानात येताना

सायकल धुऊन आणा, पण गाड्यांच्या सर्व्हिस स्टेशनवर नको. तिथल्या प्रेशरने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. मॉडेल आणि साल, तुमचं वजन, कुठे चालवता आणि किती खर्च करायचा आहे, एवढं सांगा. बाहेरून पार्ट घेणार असाल तर पैसे भरण्याआधी हब, हेडट्यूब आणि ब्रेक माउंटचे फोटो पाठवा. बसेल की नाही हे सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मिळतील.