पिरियड ड्रामा आणि मुंबईतील गतकालीन गुन्हेगारी

एखाद्या सरलेल्या दशकातील कपडे, वाहने, बोली आणि वस्ती नव्याने उभी करून त्यात कथानक मांडणाऱ्या चित्रपटाला किंवा मालिकेला पिरियड ड्रामा म्हणतात. मुंबईवरील अशा अनेक कलाकृतींचा विषय गुन्हा हाच असतो, आणि ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही त्यांची त्याविषयीची समजूत बरीचशी पडद्यावरच घडते. ही समजूत चुकते ती खोट्या तपशिलांमुळे तितकीशी नाही, जितकी कथा कुठे थांबवली यामुळे.

नानावटी खटल्यात हे स्पष्ट दिसते. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला नेपियन सी रोडलगतच्या त्याच्या घरी गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. मात्र सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. झटापटीत चुकून गोळी सुटली, या बचावाला आडवा आला तो एक टॉवेल: अंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल तो तीन गोळ्या लागून कोसळल्यावरही सुटला नव्हता. याच प्रकरणावर बेतलेल्या ‘रुस्तम’ (२०१६) या चित्रपटात नावे बदलली आहेत, संरक्षण खरेदीतील भ्रष्टाचाराचे उपकथानक जोडून खुनाला देशभक्तीची किनार दिली आहे आणि नायक ज्युरीच्या कौलावर सुटतो. पुढचा सारा न्यायालयीन प्रवास प्रेक्षकासाठी घडतच नाही. या खटल्यामुळेच भारतातील ज्युरी पद्धत बंद झाली, ही समजूतही अशीच रुजलेली आहे. वस्तुतः ती रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्ये, म्हणजे खुनाच्या आधीच्या वर्षी, केली होती आणि कायद्यातून ती पूर्णपणे गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने.

तस्करीच्या कथांत उणीव असते ती कायद्याची. रात्रीची होडी, सोन्याची बिस्किटे आणि पांढरा सूट दिसतो. पण १९६३ च्या नियमांनी नव्या दागिन्यांवर १४ कॅरटची मर्यादा घातल्याने सोनारांचा धंदा बसला, १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला बिस्किटे बाळगण्यासही मनाई केली आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला, हे कोणी सांगत नाही. परिणामी जो गुन्हा मुख्यतः धोरणातून जन्मला, तो चार-दोन धाडसी माणसांचा पराक्रम वाटू लागतो. दारूबंदीचेही तेच: कॅबरे दिसतो, रबरी ट्यूबमधून हातभट्टीची दारू वाहणारा मात्र क्वचितच. हवालदाराची निळी अर्धी विजार आणि पिवळी टोपी हुबेहूब शिवून घेतली जाते. त्याच हवालदाराला पंचनाम्यासाठी पंच गोळा करताना दाखवण्याइतका वेळ पटकथेला नसतो.

शेअर दलाल हर्षद मेहताच्या रोखे घोटाळ्यावरील ‘स्कॅम १९९२’ (२०२०) या मालिकेने गुन्ह्याची यंत्रणाच कथेच्या मध्यभागी आणली. रोखे हाती नसताना दिलेल्या बँक रिसीटांवर, म्हणजे रोखे विकल्याच्या बँकेच्या पावत्यांवर, पैसा कसा फिरत होता, हे तिने बऱ्याच धीराने उलगडून दाखवले. तरी लोकांच्या तोंडी बसले ते शीर्षकसंगीत.