ख्रिस्ती ग्रंथनिवड, मराठवाड्यातील

बायबलचा अभ्यास व आध्यात्मिक वाढ यांसाठी घरात कोणता ग्रंथ आणावा आणि आधी काय वाचावे, हे ठरवण्याची रीत. मराठवाड्यात हा विचार संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेपासून सुरू करावा लागतो, कारण पुष्कळ घरांत वाचणारा एक आणि ऐकणारे चार असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. आज या भागात प्रॉटेस्टंट आणि रोमन कॅथलिक अशा दोन्ही मंडळ्या आहेत. म्हणून पहिला प्रश्न बायबलच्या प्रतीचाच येतो. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. हा फरक जुन्या करारातला आहे. आपल्या मंडळीत वाचली जाणारी प्रत आधी घ्यावी, दुसरी पुढे ताडून पाहण्यासाठी ठेवावी. नवख्या वाचकाने ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून ओळीने वाचायला घेतले, तर ‘लेवीय’ या तिसऱ्या पुस्तकाच्या विधिनियमांत तो बहुधा अडतो. १६ अध्यायांचे मार्कचे शुभवर्तमान आणि रोज एक स्तोत्र ही सुरुवात अधिक चांगली.

वचनांचा अर्थ उलगडणारा भाष्यग्रंथ पाळकांसाठीच, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंसाठीच असतो, हा समज सोडायला हवा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहतो. आपल्याकडचा वाचक पहिला पाऊस म्हणजे मृगाचा आणि शेवटचा म्हणजे परतीचा असे धरून चालतो. पॅलेस्टाइनात मात्र उन्हाळा कोरडा जातो, पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येऊन पेरणी होते आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, कापणीच्या तोंडावर पडतो. दुष्काळ सोसलेल्या माणसाला त्या शेतकऱ्याचा धीर लगेच कळतो, पण त्याचे पंचांग कोणीतरी सांगावे लागते. असे सांगणारे भाष्य घ्यावे. वचनाचा संदर्भ न देता नुसती आश्वासने देणारे पुस्तक, कितीही स्वस्त मिळाले तरी, घेऊ नये.

भक्तिपर वाचनासाठी अनुवादांकडे धावण्याआधी मराठीतले मूळ लेखन पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत आहे. त्याची भाषा जुनी आहे, पण पैठणच्या एकनाथांची ओवी कानावर असलेल्या वाचकाला तो छंद परका वाटत नाही. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली आणि ख्रिस्ताकडे येण्याच्या आपल्या वाटेत तुकारामांचे ऋण मानले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अभ्यासग्रंथ नव्हेत. तरी श्रद्धा घरात, भांडणातून आणि विरहातून कशी वाढते, हे इतक्या खरेपणाने सांगणारे पुस्तक अभ्यासाच्या यादीतून वगळणे चूक ठरेल.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्याचे एक पान मोठ्याने वाचून पाहावे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात ‘भाराक्रांत’ हा शब्द येतो. वाचणारी शाळकरी नात तिथे अडखळते, आजी अर्थ विचारते, आणि बीडकडच्या ऊसतोडीच्या घरात उत्तर नातीच्या आधी आई देते : “उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकमध्ये चढतो ना आपण, तसा माणूस.” शब्द अवघड असला तरी असे बोलणे सुरू करून देणारी प्रत घरात राहू द्यावी.