टाकीचं विरजण

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या मागच्या गल्लीतला आठवीतला मुलगा पाण्याची बाटली घेऊन दारात उभा राहिला. "काका, हे तपासून द्याल? नऊच्या नऊ गेले."

अकरा दिवसांपूर्वी त्यांच्या बैठकीच्या खोलीत, ईशान्य कोपऱ्यात, दोन फुटी टाकी आली होती. आठ केशरी गोल्डफिश आणि एक काळा. हा हिशेब कुणीतरी वास्तूच्या नावानं सांगितलेला. पाचव्या दिवशी पहिला मासा गेला, अकराव्या दिवशी काळाही गेला. आजी म्हणाल्या, "घरावर काहीतरी येणार होतं, ते त्यांनी अंगावर घेतलं." दुकानदार म्हणाला, नवीन पाण्याचा शॉक बसला. मुलाला दोन्ही उत्तरं पटली नव्हती, आणि त्यासाठीच मला तो फार आवडला.

बाटलीतलं पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. मी त्यात अमोनियाच्या चाचणीचे थेंब टाकले. पाच मिनिटांत ते पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. जवळपास ४ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४ मिलिग्रॅम. सामू, म्हणजे पीएच, ८च्या आसपास. मासे स्वतःच्याच उत्सर्गात गुदमरले होते आणि तो उत्सर्ग डोळ्यांना दिसत नव्हता.

मासा प्रथिनं खातो, त्यातला जास्तीचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. आपलं शरीर ऊर्जा खर्च करून अमोनियाचा युरिया करतं, कारण आपल्याभोवती पाणी नाही. माशाला ही गरज पडत नाही. नदीत किंवा तळ्यात तो अमोनिया पाण्यात विरून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. तिथं तो जाणार कुठं?

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, तुलनेनं निरुपद्रवी. दुसरं मोकळ्या अमोनियाचं रूप, जे कल्ल्यांच्या पापुद्र्यातून सहज आत शिरतं. कोणतं रूप किती, हे सामू ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच ५ टक्क्यांवर जातो, ९ला ३५ टक्क्यांच्या पुढे. म्हणून सामू ७च्या पाण्यात जो आकडा मासा कसाबसा सोसतो, तोच आकडा आमच्या घरच्या पाण्यात त्याचा जीव घेतो.

तरीही जगात लाखो टाक्यांमधले मासे वर्षानुवर्षं जगतात. त्या टाक्यांत दुसरंही कुणी राहत असतं.

१८७७ साली श्लोसिंग आणि म्यून्त्स या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून सांडपाणी अगदी संथ झिरपू दिलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून जेवढा अमोनिया जाई, तेवढाच खालून बाहेर येई. मग अमोनिया घटू लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. हा निव्वळ रासायनिक बदल असता तर पहिल्या दिवसापासून व्हायला हवा होता. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा नायट्रेट बनायचं थांबलं. क्लोरोफॉर्म काढून बागेतली माती कालवलेलं थोडं पाणी घातलं, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. त्या नळीत काहीतरी जिवंत होतं. मला हा प्रयोग विज्ञानातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. त्या नळीत मासे सोडले असते तर ती आजच्या अर्थानं सायकल झालेली, म्हणजे जिवाणू बसलेली, टाकी ठरली असती.

ते जिवंत काय आहे, हे वेगळं काढून दाखवायला १८९० साल उजाडलं. जिलेटिनवर, मांसाच्या अर्कावर, म्हणजे बाकीचे जिवाणू ज्यावर माजतात त्या खुराकावर हे वाढेनात. झुरिचमध्ये काम करणाऱ्या विनोग्रादस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं त्यांना सेंद्रिय अन्न अजिबात दिलं नाही, फक्त अमोनिया आणि क्षार दिले, आणि ते वाढले. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशाला घातकच आहे. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहण्यासाठी निकामी करतं आणि रक्त तपकिरी पडतं. नायट्रेट त्या मानानं सौम्य. ते पाणी बदलून काढता येतं आणि पाणवनस्पतीही ते शोषून घेतात.

आता मला ज्याचं सगळ्यात अप्रूप आहे त्याकडे येतो. हे जिवाणू इतके संथ का?

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की सकाळी दही तयार असतं. दह्याचे जिवाणू अनुकूल उबेत तासाभरात किंवा त्याहूनही लवकर दुप्पट होतात. अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला अगदी उत्तम परिस्थितीत आठेक तास लागतात, घरच्या टाकीत बहुतेकदा एक दिवस किंवा जास्त. एका जिवाणूपासून ३० दुपटींत १०७ कोटी होतात. वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या, आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूला त्यासाठी दहा तास पुरतात, यांना महिना लागतो.

कारण यांच्या अन्नात दम नाही. एक मोल, म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या, एवढं ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे २,८७० किलोज्यूल ऊर्जा मिळते. एक मोल अमोनियाचं नायट्राइट करून २७५च्या आसपास, आणि नायट्राइटचं नायट्रेट करून जेमतेम ७५. या चिल्लर कमाईवर यांना स्वतःचं शरीर कार्बन डायऑक्साइडपासून बांधायचं असतं. झाडंही तेच करतात, पण त्यांच्यामागे सूर्य उभा असतो. हे अंधारात करतात.

इथं थोडं खोलात जातो. कार्बन डायऑक्साइडची साखर करायला चढ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लागतात. पेशीत ते एनएडीएच नावाचा रेणू वाहून नेतो. त्याची पातळी उणे ०.३२ व्होल्ट. ऑक्सिजनची अधिक ०.८२. इलेक्ट्रॉन उण्याकडून अधिकाकडे घरंगळतो आणि वाटेत ऊर्जा देतो. आपण खाल्लेल्या साखरेचे इलेक्ट्रॉन वरच्या टोकाहूनच निघतात, त्यामुळे सगळा उतार आपल्याला मिळतो. नायट्राइटमधून निघालेला इलेक्ट्रॉन मात्र अधिक ०.४३ व्होल्टवर असतो. त्याच्यापुढे ०.३९ व्होल्टचा उतार उरतो, आणि शरीर बांधायचं तर त्याला ०.७५ व्होल्टचा चढ चढवायचा असतो. मग जिवाणू बरेचसे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे उतरू देतो, त्यांच्या जोरावर पापुद्र्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवतो आणि त्या दाबानं उरलेले थोडे इलेक्ट्रॉन उलटे वर ढकलतो. पाटाच्या उतरत्या पाण्यावर रहाट फिरवून त्याच पाण्यातलं ओंजळभर वरच्या शेतात चढवावं, तसं. कार्बनचा एक अणू शरीरात बसवायला यांना ऐंशी-शंभर नायट्राइट खर्चावे लागतात. अमोनियावाल्यांचं थोडं बरं, त्यांचं तीस-पस्तिसांत भागतं. टाकीत नायट्राइटचं शिखर अमोनियाच्या मागून येतं आणि रेंगाळतं, त्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे पहिल्यांनी रांधल्याशिवाय दुसऱ्यांच्या पानात काही पडत नाही.

बऱ्याच पुस्तकांत या दुसऱ्या गटाचं नाव नायट्रोबॅक्टर असं छापलेलं असतं. १९९०च्या दशकात मत्स्यटाक्यांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा तिथं प्रामुख्यानं नायट्रोस्पायरा सापडले. २०१५मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्यानं करणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतला एक शोध मत्स्यपालनाच्या गाळणीतल्या जिवाणूंतूनच लागला. टाकीत डोकावताना मला हे नेहमी आठवतं.

आता त्या मुलाच्या टाकीकडे. आम्ही ती नव्यानं लावली, या वेळी माशांशिवाय. इंदूरात नर्मदा एक दिवसाआड येते. जलूदहून विंध्याचा चढ चढवून आणलेलं हे पाणी क्लोरीन घालून नळाला सुटतं. क्लोरीन माशांना आणि जिवाणूंना दोघांनाही मारतो. पाणी उघड्या बादल्यांत दिवसभर ठेवावं, हवेचा पंप लावला तर आणखी चांगलं, नाहीतर सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालावेत. दुकानात ते अँटिक्लोरीन म्हणून मिळतात. वाळू धुताना साबण लावू नये. एक स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप एवढं पुरे. जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि स्पंजच्या छिद्राछिद्रांत त्यांना अमाप जागा मिळते. अमोनियातला एक ग्रॅम नायट्रोजन पचवायला त्यांना साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून पंप रात्रीही बंद करायचा नाही.

मासे नाहीत तर अमोनिया कुठून आणायचा? कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर जी पांढरी पूड टाकतो आणि भसकन धूर उठतो, तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईचा नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातला शुद्ध घ्यावा. ५० लिटर पाण्याला ०.३ ग्रॅम टाकला की २ पीपीएम होतात. आकडा शून्यावर आला की पुन्हा तेवढाच. नवसागर मिळाला नाही तर माशांच्या खाद्याची रोज चिमूट टाकावी. ती कुजून अमोनिया देते, फक्त हिशेब तितका नेमका राहत नाही.

आणि विरजण. माझ्या जुन्या टाकीतला स्पंज मी त्याच्या टाकीत पिळला. पाणी चहासारखं गढूळ झालं, मुलाचा चेहरा पडला. पण तो गाळ म्हणजेच जिवाणूंची वस्ती होती. याच इंदूरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि वाय. डी. वाड या शेतीसंशोधकांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिला आजही जगभर इंदूर पद्धत म्हणतात. तीतही चांगल्या चाललेल्या खड्ड्यातला थोडा माल नव्या खड्ड्याला लावत. बाजारात "चोवीस तासांत टाकी तयार" अशा बाटल्या मिळतात. काहींत खरे जिवाणू असतात, पण महिनोन्महिने उन्हात, मांडणीवर पडलेल्या बाटलीत ते जिवंत आहेत की नाही हे लेबल सांगत नाही. चाचणीचे थेंब सांगतात. ओळखीच्या जुन्या टाकीतला पिळलेला स्पंज फुकट मिळतो आणि माझ्या अनुभवात तोच जास्त भरवशाचा. मात्र त्या टाकीत आजार नाही ना, हे आधी विचारून घ्यावं.

आजींच्या म्हणण्यावर मला मनापासून एक सांगायचंय. पहिले मासे मेले की लोक दोन-तीन आठवड्यांनी दुसरे आणतात, आणि बऱ्याचदा ते जगतात. मग समजूत पक्की होते की पहिल्यांनी संकट नेलं. खरं असं की पहिल्या माशांच्या अमोनियावरच मधल्या काळात जिवाणूंची वस्ती उभी राहिलेली असते. ते मासे जिवाणूंचं विरजण लागण्यासाठी मेले, आणि नवसागर घातला असता तर एकालाही मरावं लागलं नसतं. या समजुतीचा मला राग येतो तो एवढ्यासाठी की ती कारण शोधायची गरजच संपवते.

तितकीच घातक सवय म्हणजे दर रविवारी सगळी टाकी रिकामी करून, फिल्टर नळाखाली खळाखळा धुऊन, वर निळं औषध घालणं. स्वच्छतेच्या नावाखाली दर आठवड्याला ती वस्ती क्लोरीननं मारली जाते, आणि मिथिलीन ब्लू उरलेल्यांना संपवतं. पाव टाकीएवढं पाणी बदलावं आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलके पिळावा.

मुलानं वहीत रोजचे आकडे लिहिले. बाराव्या दिवशी अमोनिया घसरला, नायट्राइटची नळी जांभळी झाली. मधे एकदा सामू ६.४वर आला आणि सगळं थंडावलं. अमोनिया पचताना आम्ल तयार होतं आणि पाण्यातला क्षारपणा खर्च होतो. थोडं पाणी बदलून बोअरचं जड पाणी घातलं, गाडी पुन्हा चालू झाली. भांडी पांढरी करणारं आमचं माळव्याचं जड पाणी इथं मात्र कामी येतं. हेच डिसेंबरात केलं असतं तर हीटर लागला असता. रात्री पारा १० अंशांखाली जातो आणि या जिवाणूंना २५ ते ३० अंश मानवतात.

सव्विसाव्या दिवशी त्यानं २ पीपीएम टाकले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. निम्मं पाणी बदलून नायट्रेट खाली आणलं आणि दोन गप्पी मासे सोडले. गोल्डफिश या आकाराच्या टाकीत पुन्हा नकोत, ते मोठे होतात आणि घाणही फार करतात. आठवड्यानं आणखी तीन गप्पी आले. आजी आता सकाळी त्यांना खायला घालतात. दोन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं, हे मुलानं कागदावर लिहून टाकीला चिकटवलंय.