ओपन सोर्स समुदाय आणि चॅट-मंचाची निवड : पार्श्वभूमी

ओपन सोर्स प्रकल्पाने, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पाने, आपसांतील संवादासाठी कोणता चॅट-मंच घ्यावा, हा वाद वरवर सोयींच्या तुलनेचा वाटतो. परंतु सर्व्हर, चॅनेलचे (गटसंवादाच्या खोलीचे) नाव आणि साठलेला संवाद यांवर ताबा कोणाचा, याच प्रश्नापाशी तो वारंवार येऊन ठेपला आहे.

फिनलंडमधील औलु विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) ही मजकुरातून गप्पा मारण्याची व्यवस्था तयार केली. तिचा प्रोटोकॉल (संगणकांमधील देवाणघेवाणीचे नियम) खुला असल्याने कोणालाही सर्व्हर चालवता येई आणि आवडीचा क्लायंट (सर्व्हरला जोडणारे वापरकर्त्याचे ॲप) वापरता येई, त्यामुळे पुढची अनेक वर्षे हेच या समुदायांचे स्वाभाविक ठिकाण राहिले. मात्र सर्व्हर जुने संदेश राखून ठेवत नसे. मुरलेले सदस्य बाउन्सर (आपल्या वतीने सतत जोडलेला राहून संदेश साठवणारा प्रोग्रॅम) लावून ही उणीव भरून काढत; नवखा मात्र प्रश्न विचारून खिडकी बंद करी आणि तासाभराने आलेले उत्तर त्याला कधीच दिसत नसे. आयआरसीच्या कट्टर समर्थकांनी ही अडचण फारशी मनावर घेतली नाही, असे म्हणावे लागते.

२०१४ मध्ये सर्वांच्या वापरासाठी उपलब्ध झालेल्या स्लॅक या कंपनीच्या मालकीच्या चॅट-मंचाने नेमकी हीच उणीव दूर केली, आणि पुढच्याच वर्षी डिस्कॉर्ड हा तसाच मंच आला. स्लॅकच्या मोफत योजनेत मात्र अलीकडचे दहा हजार संदेशच पाहता येत. २०२२ मध्ये ती मर्यादा नव्वद दिवसांची झाली. आयआरसी क्लायंटमधून स्लॅकमध्ये येण्याची वाट तर कंपनीने २०१८ मध्येच बंद केली होती.

खुल्या पर्यायांपैकी मॅट्रिक्स हा चॅट-प्रोटोकॉल २०१४ पासून उपलब्ध होता आणि झुलिप या चॅट-मंचाचा कोड २०१५ मध्ये खुला झाला. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने चार पर्याय तपासून २०१९ च्या अखेरीस मॅट्रिक्स निवडले आणि पुढच्या वर्षी आपला जुना आयआरसी सर्व्हर बंद केला. त्यामागे नवख्यांची अडचण होती, तसाच आयआरसीवरील त्रासदायक वर्तनाला आळा घालणे अवघड असल्याचा अनुभवही होता.

प्रोटोकॉल खुला असला म्हणजे ताब्याचा प्रश्न मिटतो, हा समज मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसीच्या मोठ्या जाळ्यावर मोडला. नियंत्रणाच्या वादातून तेथील स्वयंसेवक संचालकांनी सामूहिक राजीनामे देऊन लिबेरा-चॅट हे नवे आयआरसी जाळे उभारले, आणि त्या नव्या जाळ्याचा नुसता उल्लेख विषयओळीत असलेली शेकडो चॅनेले फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने ताब्यात घेतली. तरीही क्लायंट तेच राहिल्याने बहुतेक प्रकल्पांना केवळ सर्व्हरचा पत्ता बदलून हलता आले.

बंदिस्त मंचावर अशी मोकळीक नसते. जून २०२५ मध्ये कुबरनेटीस या सर्व्हरवरील सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या समुदायाला त्याचे स्लॅक काही दिवसांतच मोफत योजनेवर उतरवले जाईल, असे कळवण्यात आले. कंपनीने तो निर्णय मागे घेतला खरा, परंतु तोवर समुदायाने जुने संवाद उतरवून घेण्याची आणि दुसरा मंच शोधण्याची धावपळ सुरू केली होती.